काचबिंदूचे थेंब आणि कॉर्निया

"थेंबांनी डोळे चुरचुरतात, म्हणून बंद केले," असे काही रुग्ण सांगतात. या चुरचुरीमागे एक इतिहास आहे.

१८७६ मध्ये नेत्रतज्ज्ञ लुडविग लाकर यांनी आफ्रिकेतील कॅलाबार बियांतून मिळणारे फायसोस्टिग्मिन काचबिंदूवर वापरले. त्यांना स्वतःलाही काचबिंदू होता. त्यानंतर पायलोकार्पिन आले. अमेरिकेत १९७८ मध्ये टिमोलॉलला आणि १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्टला मान्यता मिळाली. डोळ्यातील दाब कमी करणे सोपे झाले.

पण उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून बऱ्याच थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड घालतात. ते साबणासारखे काम करते. जंतूंचे आवरण फोडते, तसाच अश्रूंचा तेलकट थरही विस्कटते आणि कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या समोरील पारदर्शक पडद्याच्या, वरच्या पेशींना इजा करते. वर्षानुवर्षे थेंब घालणाऱ्यांचे डोळे म्हणून कोरडे पडू शकतात. यावर उपाय म्हणून हे रसायन नसलेले थेंबही आले.

कॉर्नियाची ही वरवरची इजा बहुधा भरून येते. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही. म्हणून थेंब स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना त्रास सांगा, थेंब बदलता येतात.