साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

गिरगावातल्या आमच्या खोलीला पूर्वेची एकच खिडकी आहे. समोर दुमजली चाळ होती तोवर सकाळचे ऊन तास-दीड तास सरळ आत येई आणि खिडकीतल्या तुळशीला तेवढे पुरे. चाळ पाडून तिथे बहुमजली इमारत उभी राहिली, त्या वर्षी तुळस मार्गशीर्षातच झडली. दुसरी आणली, ती महिनाभर तगली. तिसरी आणायला निघालो तेव्हा आई म्हणाली, "नको आणूस. मरायलाच आणायची का तिला?"

रिकामी कुंडी बघवेना म्हणून नर्सरीत गेलो. तिथल्या माळ्याने मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट अशी तीन झाडे पुढे केली आणि म्हणाला, "यांना ऊन लागत नाही." ऊन न लागणारे झाड असते तरी का, आणि असलेच तर ते घरात आणण्याची कल्पना प्रथम कुणाला सुचली, याचा शोध त्या वाक्यापासून सुरू झाला.

आधी उजेडाचा हिशेब. भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते, ढगाळ दिवशी दहा-एक हजार. घरात खिडकीपासून चार-सहा फूट आत गेले की ती अनेकदा शे-दोनशेवर येते. डोळ्याला हा फरक जाणवत नाही, कारण तो स्वतःला जुळवून घेतो. तेवढ्या उजेडात आपण वर्तमानपत्र वाचतो आणि खोली उजेडाची आहे असे समजतो. झाडाला अशी सोय नाही. पान उजेडात साखर कमावते आणि श्वसनात ती खर्च करते. कमाई आणि खर्च जिथे बरोबरीत येतात, त्या उजेडाखाली झाड साठवलेली शिल्लक मोडून खाते. तुळशीचा खर्च मोठा. दाट अरण्याच्या तळाशी वाढणाऱ्या झाडांचा लहान, कारण तिथे वरच्या उन्हापैकी जेमतेम एक-दोन टक्केच पोहोचते. पण एक लाखाचा एक टक्काही हजार लक्स होतो. म्हणजे आमची खोली अरण्याच्या तळापेक्षाही काळोखी. या झाडांना ऊन लागत नाही असे नाही. उपासमार सोसण्याची त्यांची ताकद मोठी आहे, इतकेच.

ही ताकद प्रथम कसाला लागली ती एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये. इंग्लंडमध्ये १६९६ पासून खिडक्यांवर कर होता. खिडक्या मोजून कर बसे, म्हणून लोक त्या विटांनी बुजवत. अनेक बिऱ्हाडांची इमारत एकच घर धरली जाई, त्यामुळे मालक खिडक्या बुजवी आणि काळोख भाडेकरूंच्या वाट्याला येई. काचेवरही वेगळा कर होता. तो १८४५ मध्ये गेला, खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. भरीला दगडी कोळशाचा धूर होताच.

त्या धुरात पूर्व लंडनच्या वेलक्लोज स्क्वेअरमध्ये डॉ. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड राहत होते. अंगणात नेचे लावावेत ही त्यांची हौस. धुराने ते दरवेळी मरत. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत घालून बाटलीत बंद करून ठेवला. पतंगाची वाट पाहत असताना मातीतून एक नेचा आणि थोडे गवत उगवले. बाटलीतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती आणि धूर आत शिरत नव्हता. अंगणात जे जगत नव्हते ते बाटलीत काही वर्षे जगले. यातून काचबंद पेटी तयार झाली. हॅकनीच्या लॉडिजेस रोपवाटिकेने वॉर्ड यांना साथ दिली. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या जहाजावरून सिडनीला गेल्या, झाडे जिवंत उतरली, आणि परतीच्या फेरीत तिथली झाडे जिवंत लंडनला आली.

पुढे साम्राज्याने ही पेटी उचलली. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपे याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आणली. १८६० मध्ये दक्षिण अमेरिकेतला सिंकोना निलगिरीकडे निघाला तोही याच पेट्यांतून. दिवाणखान्यांत मात्र तिला वेगळे रूप आले. नेच्यांचे असे वेड पसरले की चार्ल्स किंग्जलेने १८५५ मध्ये त्या वेडासाठी इंग्रजीत नवा शब्दच घडवला. खुद्द वॉर्ड यांच्या मनात गरिबांच्या खोल्याही होत्या. १८४२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे.

गरिबांपर्यंत पेटी फारशी पोहोचली नाही. पोहोचले ते पेटीशिवाय जगणारे झाड, अ‍ॅस्पिडिस्ट्रा. पाने आपल्या कर्दळीची आठवण करून देणारी, पण गर्द आणि चिवट. घरांत गॅसचे दिवे आले होते. दिव्याच्या गॅसने झाडे सुकतात हे लोक पाहत होते. त्यातला एथिलीन हा दोषी घटक दिमित्री नेल्यूबोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये दाखवून दिला. अ‍ॅस्पिडिस्ट्रा मात्र गॅस, थंडी, काळोख आणि हेळसांड यांना पुरून उरला. त्याला बिडाचे झाड म्हणू लागले. खालच्या मध्यमवर्गाच्या प्रत्येक खिडकीत तो दिसू लागला, इतका की जॉर्ज ऑर्वेलच्या १९३६ च्या कादंबरीत तो नावातच आला. तिचा नायक या झाडाला मारू पाहतो आणि शेवटी लग्न करून स्वतःच एक विकत आणतो. लंडनच्या त्या काळोखासाठी हे झाड घडलेले नव्हते. मूळचे ते दक्षिण जपानच्या बेटांवरल्या जंगलांतले. तिथे त्याची फुले मातीलगत, पालापाचोळ्यात उमलतात आणि अळंबीवर वाढणारी चिलटे परागीभवन करतात.

आमच्या माळ्याची झाडेही याच वाटेने आलेली. झेडझेड प्लांट पूर्व आफ्रिकेतला. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १८२९ मध्ये त्याच हॅकनीच्या लॉडिजेसनी केले. १९९६ च्या सुमारास डच रोपवाटिकांनी त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू केली आणि मग तो जगभरच्या कचेऱ्यांत पोहोचला. मनी प्लांट पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटाचा. चोरून आणला तरच तो फळतो असे आपल्याकडे म्हणतात, पण फुलायला लागणारे संप्रेरक त्यात जवळजवळ तयारच होत नाही. त्याला फूलही सहसा येत नाही.

मुंबईनेही उजेड एकदा मोजला होता. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रोगाचे मूळ हवा-उजेड नसलेल्या खोल्यांत शोधले जात होते. ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला आणि ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. खोलीच्या भिंतीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेष ओढली, तर तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा. सोप्या भाषेत, मधली मोकळी जागा जेवढी, त्याच्या दुपटीहून समोरची इमारत उंच नसावी.

मी आमची जागा मोजली. मधे बारा मीटर, समोर साठ मीटरच्या आसपास. दुपटीऐवजी पाचपट, कोन अठ्ठ्याहत्तर अंशांच्या पुढे. सूर्य तितका वर येईतो जवळजवळ माध्यान्ह होते आणि पूर्वेच्या खिडकीचा वाटा संपलेला असतो. तुळस मरण्यात आमच्या हातचा दोष नव्हता, हे निदान आईला आकड्यांत दाखवता आले.

झाड निवडताना मी आता दुपारी बारा वाजता कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवतो आणि त्यावर एक हात उंचीवर पंजा धरतो. सावलीची कड स्पष्ट दिसली तर बरेच काही जगेल. पुसट दिसली तर मनी प्लांट, तोही साधा हिरवा, कारण काळोखात पिवळ्या नक्षीची पाने हिरवी पडत जातात. सावलीच पडली नाही तर झेडझेड, आणि त्यालाही खिडकीला चिकटून. आमच्याकडे सावली पडली नाही.

अडचण निघाली ती पाण्याची. ज्या झाडाची कमाई थोडी, त्याची तहानही थोडी. उपासमारीइतकेच ते जास्त पाण्यानेही मरते. झेडझेडला पंधरा-वीस दिवसांतून एकदा पाणी पुरते. आईचा हात मात्र पन्नास वर्षे रोज सकाळी तांब्याकडे जात आला आहे. पहिले झेडझेड त्यानेच कुजले. दुसऱ्याच्या वेळी मी चवथी तुळस आणली आणि चाळीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी ठेवली. तिथे अजून ऊन आहे. आईचे गुडघे तीन जिने चढू देत नाहीत. ती सकाळी तांब्या भरून दाराशी ठेवते, आणि कचेरीला निघण्यापूर्वी तो मी वर नेतो.