पावणेचारचे गणित

आधी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तरुण आईला मी फोनवर म्हणालो, "पावणेचारला बाळाला घेऊन या." ती आली पावणेपाचला. पाऊण म्हणजे पंचेचाळीस मिनिटे हे तिला ठाऊक होते, म्हणून चार वाजून पंचेचाळीस असा अर्थ तिने लावला. तोवर मी दवाखान्याला कुलूप लावून व्हिजिटला गेलो होतो. तापलेले पोर मांडीवर घेऊन ती तासभर पायरीवर बसली. मुलगी बेळगावचीच, घरी मराठी बोलणारी. घड्याळाचा आकडा मी सांगायला हवा होता.

पावणेचार म्हणजे चारला पाव कमी. पाव हा 'पाद', चौथा हिस्सा. 'पादोन'चे झाले पावणे, 'सपाद'चे सव्वा. आपली भाषा अपूर्णांक सांगताना जवळचा पूर्णांक धरते आणि त्यात भर घालते किंवा त्यातून वजा करते.

या दोन्ही रीतींना फार जुनी शास्त्रीय नावे आहेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, इ. स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्य या दिगंबर जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' रचला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. आपल्यापासून फार दूर नव्हे. ग्रंथातील अपूर्णांकांच्या प्रकरणाचे नाव 'कलासवर्ण'. त्यात पूर्णांकाला भाग जोडला की तो 'भागानुबंध', काढून घेतला की 'भागापवाह'. सव्वातीन हा भागानुबंध : ३ × ४ + १, म्हणजे तेरा चतुर्थांश. पावणेतीन हा भागापवाह : ३ × ४ − १, अकरा चतुर्थांश. शाळेच्या पुस्तकात पावणेतीन हे दोन पूर्णांक तीन चतुर्थांश होतात. उत्तर तेच, पण वाट दुसरी. आणि आपल्या जिभेवरची वाट महावीराचार्यांची आहे. (शून्याने भागले तरी संख्या बदलत नाही, असेही ते सांगून गेले. ते चूक. थोरांचेही हिशेब तपासून घ्यावेत.)

आता अडीच पाहा. प्राकृतात 'अड्ढाइज्ज', म्हणजे अर्धा तिसरा : दोन पूर्ण, तिसऱ्याचा अर्धा. आम्हा जैनांच्या घरात मनुष्यलोकाला अढाई द्वीप म्हणतात, कारण जंबूद्वीप व धातकीखंड ही दोन पुरती आणि तिसऱ्या पुष्करवर द्वीपाचा अर्धाच भाग माणसांचा. लहानपणी मी हे पाठ म्हणत असे. अडीच आणि अढाई एकच, हे लक्षात यायला पन्नाशी उलटली! तसेच 'अद्धुट्ठ', अर्धा चौथा, म्हणजे साडेतीन. त्याचेच झाले औट. आपला देह औट हातांचा, तो याच हिशेबाने.

माझ्या आजोबांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी पाठांतराची रांगच मला मिळाली. सोळा आण्यांच्या रुपयात ती रोज लागे. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि पाढ्यांचे बाजारातले काम सरले. औटकी तर आज माझ्याही तोंडी सातापुढे सरकत नाही. पुढच्या पिढीला आम्ही त्या शिकवल्या नाहीत. पायरीवर बसलेल्या त्या आईचा हिशेब तिथून चुकला.

हल्ली चिठ्ठीवर मी ३.४५ लिहितो, आणि ती हातात देताना मोठ्याने पावणेचार म्हणतो.