नोंद नसलेला प्राणी : केळापूर तालुक्यातील कापूस, बेडूक आणि वन्यजीवांच्या आरोग्याचा इतिहास

प्रस्तुत लेखाचा विषय बेडूक आहे, हे वाचून इतिहासाच्या अभ्यासकांस थोडे आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. तथापि केळापूर तालुक्याचा, म्हणजे पांढरकवड्याच्या परिसराचा, गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा मुख्यत्वे कापसाचा इतिहास असून त्याच शेतांत व त्याच पाण्यात हा प्राणी राहत आला आहे. वन्य प्राण्यांच्या आरोग्याची नोंद कोण, केव्हा आणि कशासाठी ठेवतो, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव कडाडले आणि वऱ्हाडात त्याची लागवड झपाट्याने वाढली. केळापूर तेव्हा वणी जिल्ह्यात मोडत असे. १९०५ मध्ये या जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. वसाहतकालीन प्रशासनाची वन्य प्राण्यांकडे पाहण्याची दृष्टी शिकारीची व बंदोबस्ताची होती. वाघ, लांडगे, विषारी साप मारणाऱ्यास बक्षीस दिले जाई आणि त्याचा हिशेब राही. बेडकावर बक्षीस नव्हते, म्हणून हिशेबही नव्हता.

रोगांच्या बाबतीतही हेच दिसते. १९६८ मध्ये बुळकांडीने दक्षिणेतील बंदीपूर-मुदुमलाई परिसरातील गवे मोठ्या प्रमाणावर दगावले. पुढे लसीकरणाने हा रोग आटोक्यात आला व २०११ मध्ये जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. ती मोहीम गुराढोरांसाठी होती. गव्यांचा बचाव हा तिचा आनुषंगिक लाभ होय.

बेडकाची दखल घेतली ती लोकपरंपरेने. पाऊस लांबला की विदर्भातील खेड्यांत धोंडी निघते. बेडूक काठीला बांधून, कडुनिंबाच्या पाल्यासह मुले घरोघर फिरतात व घरची माणसे त्यावर पाणी ओततात. (बेडकाच्या दृष्टीने हा विधी फारसा सुखाचा नसावा.) या विधीमागील निरीक्षण मात्र अचूक आहे. ज्याला भारतीय बुलफ्रॉग म्हणतात तो मोठा बेडूक पहिल्या दमदार पावसानंतर बाहेर येतो, विणीच्या काळात नर पिवळाधमक होतो आणि मादी साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालते.

याच बेडकावर बाजाराची नजर पडली. त्याच्या तंगड्या गोठवून युरोप-अमेरिकेस निर्यात होत. १९८५ मध्ये ही जात साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आणि १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. बंदीच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद लक्षणीय आहे : बेडूक कमी झाले की कीड वाढते आणि कीटकनाशकांवर अधिक खर्च करावा लागतो. म्हणजे येथेही बेडूक वाचला तो शेतीच्या हिशेबात.

परंतु ज्या कीटकनाशकांचा खर्च टाळावयाचा होता, ती कापसाच्या शेतात वाढतच गेली. १९७० नंतर संकरित कापूस आला. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाल्यावर बोंडअळीवरील फवारणी काही वर्षे घटली. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली व रस शोषणाऱ्या किडींचाही त्रास वाढला. एन्डोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तरी इतर औषधे राहिलीच. बेडकाची कातडी पातळ असून पाणी व त्यात विरघळलेली द्रव्ये तीतून शरीरात जातात. पावसाळ्यात बांधालगतच्या डबक्यांत बेडूकमासे असतात, आणि कापसावरील फवारणीचा हंगामही पावसाळ्यातच सुरू होतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले, चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले. शेतातील विषाची इतकी सविस्तर कागदोपत्री नोंद झाली ती माणसे मेली म्हणून. त्या पाण्यात आणखी काय मेले, याची चौकशी पथकाच्या कक्षेत नव्हती.

पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ रोजी, पांढरकवडा वनविभागातील टी-१ ऊर्फ अवनी ही वाघीण गोळी घालून मारण्यात आली. तिच्या शवविच्छेदनापासून न्यायालयीन लढ्यापर्यंत सर्व काही कागदावर आहे. ते योग्यच होते. पण १९९७ मध्ये घोषित झालेल्या, १४८.६३ चौरस किलोमीटरच्या टिपेश्वर अभयारण्याच्या सीमेपलीकडे कापसाची शेते आहेत, आणि वन्यजीवांच्या आरोग्याची चर्चा केवळ वाघापाशी थांबली तर अन्नसाखळीचा खालचा टप्पा नजरेआड होतो. जागतिक पातळीवर २०२३ च्या मूल्यांकनात उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती संकटग्रस्त ठरल्या. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या अन्य कोणत्याही वर्गाची स्थिती इतकी वाईट नाही.

मग इतिहासकाराने साधने कोठे शोधावीत? माझ्या मते ती प्राणिशास्त्राच्या दप्तरात कमी आणि कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यामागे अधिक सापडतील. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांनुसार विक्रेत्यास साठ्याची व विक्रीची नोंदवही ठेवावी लागते. कोणत्या आठवड्यात कोणते औषध किती खपले, हे त्यात असते. तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी त्याशेजारी ठेवल्या की बेडकाच्या विणीचा काळ आणि विषाचा काळ एका तक्त्यात मांडता येतो. मात्र या वह्या कायम जपल्या जात नाहीत. त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.