हयातीचा दाखला

गेल्या वर्षी नानीला रिक्षात बसवून बँकेत नेलं. श्रावणबाळ योजनेचे तिचे पैसे तीन महिन्यांपासून थांबले होते. कारण एवढंच, की हयातीचा दाखला राहून गेला होता. नानीनं चाळीस वर्षं बिड्या वळल्या. बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात. मशीनवर अंगठा काही उमटेना. सहा वेळा प्रयत्न करून काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, उद्या या." बाहेर पडताना नानी मला म्हणाली, "बेटा, मैं जिंदी हूं करके किसकू बताऊं?"

हयात हा शब्द अरबी. तहसील, अर्ज, दाखला हेही तिकडूनच आलेले आणि सरकारी मराठीत मुरलेले. शब्द आले, पण म्हातारपण आणि सरकारी तिजोरी यांच्या नात्याचा जो विचार त्या परंपरेत आहे, तो आला का?

खलिफा हारून रशीदचे काझी अबू यूसुफ यांनी 'किताबुल खराज' हा महसुलावरचा ग्रंथ लिहिला. त्यात हजरत उमर यांची एक हकीकत आहे. उमर यांची कारकीर्द ६३४ ते ६४४. ग्रंथ त्यानंतर साधारण दीडशे वर्षांनी लिहिलेला, तेव्हा ती परंपरेनं आलेली हकीकत म्हणूनच वाचावी. दारोदार भीक मागणारा एक आंधळा म्हातारा उमर यांना दिसतो. तो यहुदी असतो. जिझिया, गरज आणि वय यांनी ही वेळ आणली, असं तो सांगतो. उमर त्याला हाताला धरून घरी नेतात, असेल ते देतात आणि मग बैतुलमालच्या खजिनदाराकडे पाठवतात. निरोपाचा आशय असा: याच्या तरुणपणी आपण याच्याकडून घेतलं, आता म्हातारपणी वाऱ्यावर सोडलं तर तो न्याय नव्हे. त्याचा आणि त्याच्यासारख्यांचा कर माफ होतो.

या हकीकतीत म्हाताऱ्याला कुणी विचारत नाही, की तुझा मुलगा कुठे आहे? उमर त्याला आधी खैरात देतात, पण तिथं थांबत नाहीत; प्रश्न न्यायाचा आहे असं म्हणून तो खजिन्यावर नेतात.

महाराष्ट्रात हा विचार कागदावर यायला १९८० साल उजाडलं. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. अंतुले म्हटलं की लोकांना सिमेंट आठवतं. निराधारांच्या हातात दरमहा पडणारी रक्कम कुणाला आठवत नाही. मला वाटतं, त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना दोन्ही बाजू मांडायला हव्यात.

केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९९५ मध्ये आली. रक्कम महिना ७५ रुपये. पुढे ती २०० झाली आणि ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा आजही तेवढाच आहे. राज्यानं २०२३ मध्ये आपली रक्कम दीड हजारांवर नेली, हे खरं. पण उत्पन्नाची अट पाहा: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. घरात एक माणूस आठवडाभर मजुरीला गेला तरी ही अट मोडते. म्हणून दाखल्यावर खोटा आकडा लिहावा लागतो आणि खरा गरीबही खोटारडा ठरतो.

शिवाय ही रक्कम फार तर पोटाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे डायपर, रात्री कूस बदलायला लागणारं माणूस, यांचं काय? २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळालं, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरच कामाला येतं. जर्मनीनं १९९५ मध्ये निगा विमा सुरू केला. तिथं घरी म्हाताऱ्याला सांभाळणाऱ्या नातेवाइकासाठीही रोख रक्कम मिळते. जपाननं २००० मध्ये तसाच विमा आणला, मात्र रोख रकमेऐवजी सेवा देऊन.

आपल्याकडे ही निगा सुनेच्या किंवा मुलीच्या अंगावर पडते. योजनेला श्रावणबाळाचं नाव दिलं की सरकार सुटतं. जुम्याच्या बयानात आईबापाच्या खिदमतीचं महत्त्व सांगितलं की आपण सुटतो. खिदमत फर्ज आहेच. पण ती करणारी माझी मामी नानीसाठी बिड्यांचं काम सोडून घरी बसली. तिचा बुडालेला रोज कुणाच्या हिशेबात नाही. रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात रेशनचे किट वाटले जातात. जकातीतून अशा एखाद्या गरीब घरी आठवड्याला दोन दिवस मदतीची बाई ठेवता येईल का, हा विचार अजून कुणी केलेला नाही. मीही केला नव्हता.

नानीचा अंगठा शेवटी उमटला नाहीच. डोळ्यांच्या मशीनवर काम झालं, तेही तिसऱ्या फेरीत. पैसे सुरू झाले. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं आहे, ती हयात आहे हे सांगायला.