भंडारदऱ्याचं पाणी

गिरणीला सुट्टी होती. आम्ही चौघं घोटीवरून जीप पकडून शेंडीला उतरलो. अकोले तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव, शेजारीच भंडारदरा धरण. काठाला तंबू, होड्या, तव्यावर चुरचुरणारे मासे. मे संपता संपता काजवे बघायला तर मोटारींची रांगच लागते. आपण गेलो तेही मजा करायलाच, खोटं कशाला बोला!

होडीवाला बाबा म्हातारा. मी सहज विचारलं, "बाबा, तुमची शेती कुठंशी?"

त्यानं वल्हं थांबवलं. "आज्याची व्हय? ह्या पान्याखाली. आज्या नागली करायचा. जाळं मागनं आलं."

मित्रहो, इथले लोक महादेव कोळी. नावात कोळी आलं की शहरातला माणूस त्यांना मासेमार समजतो. ते डोंगरातले शेतकरी, भात-नागलीचे. सावकार आणि कंपनी सरकार या दोघांविरुद्ध उठलेला आणि 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला राघोजी भांगरे याच मुलखातला. हे काठावरचा एकही तंबूवाला सांगत नाही.

धरणाचं काम 1910 ला सुरू झालं. 10 डिसेंबर 1926 ला गव्हर्नर लेस्ली विल्सननं उद्घाटन केलं, आणि त्याचंच नाव धरणाला दिलं. दगड फोडणाऱ्यांचं नाव कोण देतो? साठा सुमारे 11 टीएमसी.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. 4 ऑगस्ट 1923 ला सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला : सरकारी पैशानं बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनं 1924 ला तळं खुलं केलं, कागदावर. आणि विल्सनसाहेब भंडारदऱ्याला येऊन गेले त्याला साडेतीन महिने होतात न होतात तोच, 20 मार्च 1927 ला, बाबासाहेब चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्याले. त्यासाठी आपल्या माणसांची डोकी फुटली. इलाखा एक. सरकार एक. एका तळ्याला बँड आणि एका तळ्याला काठ्या.

बरं, हे 11 टीएमसी गेलं कुठं? पाटानं खाली, संगमनेर-राहुरीकडे. अवर्षणी मुलखाला पाणी म्हणून धरण, पण पाटावर ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीनं शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेऊन साखर काढली. आता विचारा, ज्याच्याकडे जमीन नाही त्याला पाटाचं पाणी काय कामाचं? आपल्या माणसांकडे होती ती वतनाची जमीन, आणि वतन म्हणजे चोवीस तासांची वेठ. ते मोडायचं बिल बाबासाहेबांनी 1928 ला कौन्सिलात आणलं होतं. पुढं सरकारनं उलट वतनावरची जुडी वाढवली. त्याविरुद्ध डिसेंबर 1939 ला महार-मांग वतनदारांची परिषद भरली, बाबासाहेब आले. परिषद कुठं? हरेगावलाच. त्याच पाटाच्या मुलखात!

म्हाताऱ्याचं रान बुडलं आणि आपल्या माणसाच्या रानाला पाणी नाही. नदी एकच, प्रवरा. पण आपले कार्यकर्ते आदिवासींच्या सभेला जात नाहीत, त्यांचे आपल्या सभेला येत नाहीत. हे मला होडीत बसून कळलं, याची लाजच वाटली.

काठाला लागल्यावर बाबानं मासे-भाकर दिली. पैसे घेतले, अर्थात. घ्यायलाच पाहिजेत.

पुढच्या सुट्टीला हरेगाव. पाटाच्या कडेकडेनं जायचंय. येणार असाल तर कळवा.