जबड्यातली नस

खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना तिच्यामुळे असते. इम्प्लांट म्हणजे कृत्रिम दाताचा स्क्रू बसवताना ती दुखावली, तर ओठ बधिर होतो. माझ्या एका पेशंटचं असं झालं. चहा पिताना हनुवटीवर ओघळ यायचा आणि त्यांना कळायचंच नाही, नात सांगायची, "आजोबा, पुसा." संवेदना पुढे बरीचशी परतली, सगळी नाही. चूक माझीच.

स्वीडनमध्ये १९५२ साली पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह तपासत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर ते हाडाशी एकजीव झालेलं! १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ते चाळीस वर्षं टिकले.

स्क्रू टिकतो हे कळलं, पण तो नेमका कुठे बसवायचा हे डॉक्टरच्या अंदाजावरच राहिलं. आम्ही पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायचो. त्यात सगळं साधारण पाव हिश्शानं मोठं दिसतं, म्हणून तेवढ्याच मोठ्या आकृत्या छापलेली पारदर्शक फिल्म वर ठेवून लांबी ठरवायची. पण चित्र सगळीकडे सारखंच मोठं होत नाही. हाडाची जाडी तर दिसतच नाही. मी तिथेच फसलो.

सीटी स्कॅन १९७१ मध्येच आला होता, पण आधी मेंदूसाठी. जबड्याचे पातळ काप संगणकावर पाहून, पडद्यावरच स्क्रू ठेवून बघण्याची सोय १९९०च्या दशकात आली. १९९८ मध्ये इटलीतल्या पिएरो मोझो आणि सहकाऱ्यांनी कोन बीम यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. सीटीपेक्षा कमी किरणांत जबडा तिन्ही बाजूंनी दिसू लागला. पुढची पायरी म्हणजे पडद्यावरच्या योजनेवरून बनवलेली प्लॅस्टिकची पट्टी. ती दातांवर बसते आणि तिच्यातल्या धातूच्या नळीतून ड्रिल ठरलेल्या दिशेनंच जातं.

संगणक चुकत नाही असं मात्र कुणी समजू नये. पट्टी वापरूनही सरासरी एखाद्या मिलीमीटरचा फरक पडतो. म्हणून नसेपासून दोन मिलीमीटर अंतर आम्ही अजूनही राखतो.

काही वर्षांनी तेच आजोबा दुसऱ्या बाजूच्या दातासाठी आले. माझ्याकडेच आले, याचं मला नवल वाटलं. पडद्यावर मी नस नारंगी रंगात दाखवली. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हीच का ती?"