श्यानतेची कुळकथा

वाहणे हा द्रवाचा धर्म, हे कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु वाहता वाहता आपल्याच एका थराने दुसऱ्या थराला मागे ओढून धरणे हाही त्याचा तितकाच मूळचा धर्म आहे, आणि या दुसऱ्या धर्माची शास्त्राच्या दप्तरात रीतसर नोंद होण्यास फार विलंब लागला. घनतेचा विचार आर्किमिडीजपासून चालत आलेला. दाबाचा हिशेब टॉरिचेली आणि पास्कल यांनी सतराव्या शतकाच्या मध्यास बहुतांशी उलगडलेला. श्यानता मात्र एकोणिसाव्या शतकाचा तिसरा हिस्सा उलटून जाईपर्यंत काटेकोरपणे मोजली गेली नव्हती, आणि ज्याच्या मोजणीने तिला पक्का पाया मिळाला तो गणितज्ञ नव्हता, पाटबंधाऱ्यांचा अभियंता नव्हता, तर माणसाच्या अंगातील रक्त बारीक वाहिन्यांतून कसे सरकते या एकाच प्रश्नाचा ध्यास घेतलेला पॅरिसचा एक वैद्य होता.

कल्पनेचे बीज मात्र न्यूटनचे. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’च्या दुसऱ्या भागात, ग्रहांना फिरविणारे आकाशद्रव्याचे भोवरे ही देकार्तची उपपत्ती खोडून काढण्याच्या ओघात, त्याने असे गृहीत धरले की द्रवाचे शेजारशेजारचे थर जितक्या त्वरेने एकमेकांवरून सरकतील तितक्या प्रमाणात त्यांच्यातील विरोध वाढेल. गृहीतक अचूक होते. परंतु पाण्याचा विरोध किती आणि तेलाचा किती, हे ठरविण्याचे प्रयोजन त्याला नव्हते. पुढे डॅनियल बेर्नुली व ऑयलर यांनी द्रायूंच्या गतीचे जे देखणे गणित उभारले त्यातून हा विरोध वगळलेलाच राहिला, आणि त्याचा परिणाम १७५२ साली दालाँबेरच्या पदरात पडला: अशा द्रवातून एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूस मुळीच अडथळा होऊ नये, असे गणित सांगू लागले, नदीत हात घालणाऱ्या पोराला मात्र उलट अनुभव येत होता. १८२२ मध्ये नाव्हिएने व १८४५ मध्ये केंब्रिजच्या स्टोक्सने समीकरणांत अंतर्गत घर्षणाचे पद घातले. नळीतून वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब स्टोक्सने मांडलाही. परंतु मोठ्या नळांवरील व कालव्यांवरील जुन्या प्रयोगांशी तो जुळेना, आणि नळीच्या भिंतीला टेकलेला थर अगदी स्थिर असतो की तोही घसरतो, याविषयी त्याची खात्री होईना.

आता त्या वैद्याकडे वळू. ज्याँ लेओनार मारी प्वाझय याचा जन्म १७९७ चा, पॅरिसमधलाच, बाप सुतार. एकोल पॉलितेक्निक या नामांकित विद्यालयात त्याने थोडा काळ भौतिकी व गणित यांचे शिक्षण घेतले आणि मग तो वैद्यकाकडे वळला. पण मोजण्याची जी शिस्त त्याच्या अंगी तेथे बाणली ती अखेरपर्यंत सुटली नाही. १८२८ च्या प्रबंधासाठी त्याने पाऱ्याने भरलेली वाकडी नळी जनावरांच्या रोहिणीस जोडली, आणि रक्त गोठू नये म्हणून मधल्या भागात पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण भरले. हृदयापासून दूर, सुमारे दोन मिलिमीटर व्यासाच्या रोहिणीपर्यंत गेले तरी दाब फारसा उतरत नाही, असे त्यास आढळले. म्हणजे दाब खर्ची पडतो तो त्याहून बारीक वाहिन्यांत! मग सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या केशवाहिन्या पाहताना त्याच्या ध्यानात आले की रक्तपेशी मध्यभागी वेगाने धावतात आणि भिंतीलगत द्रवाचा एक थर जणू जागचा हलत नाही. स्टोक्सला ज्याचा पुढे निवाडा करवेना, तो भिंतीचा प्रश्न प्वाझयच्या डोळ्यांसमोर आधीच असा प्रत्यक्ष उभा राहिला होता, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

जिवंत वाहिनीत मोजमाप अशक्य, म्हणून त्याने काचेच्या केशनळ्या घेतल्या. व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या घरापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासपर्यंत. नळीचे छिद्र पुरते वर्तुळाकार नसते हे जाणून तो दोन्ही टोकांची लांबी-रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली मोजी. नळीला जोडलेल्या काचेच्या फुग्यावर वर एक व खाली एक अशा दोन खुणा असत. कोंडलेल्या हवेच्या ठराविक दाबाने ऊर्ध्वपातित पाणी ढकलले जाई, आणि पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येण्यास लागणारा वेळ तो टिपून ठेवी. सारे उपकरण पाण्याच्या भांड्यात बुडविलेले, कारण उष्णतामान अंशभर ढळले तरी आकडा ढळतो. तीच नळी कापून आखूड करावी, पुन्हा मोजावे. पुन्हा कापावी, पुन्हा मोजावे. या चिकाटीतून जो नियम हाती आला तो असा की प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो, लांबीच्या व्यस्त प्रमाणात घटतो, आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो.

चौथा घात! व्यास निम्मा झाला की तेवढ्याच दाबाने जाणारा द्रव सोळावा हिस्सा उरतो. रक्त हा पाण्याइतका साधा द्रव नव्हे आणि वाहिनी ही काचेची नळी नव्हे, हे खरे. तथापि बारीक रोहिणी पाचव्या हिश्शाने आकसली तरी प्रवाह निम्म्याहून खाली, सुमारे ४१ टक्क्यांवर येतो, या एका हिशेबावरून शरीर आपल्या निरनिराळ्या अवयवांना रक्ताची वाटणी कशी करू शकते हे उमगते. १८४० व १८४१ साली त्याने आपली टिपणे फ्रेंच अकादमीपुढे रुजू केली. अकादमीने ती नुसती दाखल करून घेतली नाहीत; आरागो, बाबिने व पियोबेर यांच्या समितीने प्रयोगांची फेरतपासणी केली, १८४२ मध्ये अनुकूल अहवाल दिला, आणि १८४६ साली संपूर्ण निबंध छापला गेला.

न्यायाने येथे आणखी एका नावाचा उल्लेख केला पाहिजे. प्वाझयच्याच वर्षी, १७९७ मध्ये, कोनिग्सबर्ग येथे जन्मलेला गोटहिल्फ हागेन हा जलस्थापत्याचा अभियंता पितळेच्या नळ्यांवर प्रयोग करून १८३९ सालीच चौथ्या घातापाशी पोचला होता, आणि वेग वाढला म्हणजे प्रवाहाची शिस्त मोडते हेही त्याने पाहिले होते. मोठ्या नळांतील पाणी स्टोक्सच्या हिशेबाला का जुमानीत नव्हते, याचे मर्म त्यातच होते. रेनॉल्ड्सने ते १८८३ मध्ये पुरते उलगडले. १८६० मध्ये बाझेलच्या हागेनबाखने, भिंतीलगतचा थर स्थिर धरून, प्वाझयचा नियम गणिताने सिद्ध केला आणि त्यात श्यानतेचा गुणांक स्वतंत्र राशी म्हणून बसविला.

वायूंच्या बाबतीतला धक्का मॅक्सवेलचा. हवा विरळ केली तरी तिची श्यानता बदलू नये, असे त्याचे गणित १८६० मध्ये सांगत होते. ते पडताळण्यासाठी लंडनमधील आपल्या घराच्या माळ्यावर त्याने काचेच्या तबकड्या हवेत आंदोलत ठेवल्या. पत्नी कॅथरिन खोलीचे उष्णतामान राखण्यासाठी विस्तव पेटता ठेवी. भाकीत खरे ठरले. शिवाय पाणी तापविले की त्याची श्यानता उतरते, हवा तापविली की चढते. कारण द्रवात ती मुख्यत्वे रेणूंच्या परस्परांवरील पकडीतून येते, आणि वायूत एका थरातले रेणू दुसऱ्यात शिरून आपला संवेग वाटतात त्यातून.

श्यानतेच्या एककाला प्वाझयच्या नावावरून ‘पॉइज’ हे नाव १९१३ मध्ये सुचविले ते डीली आणि पार यांनी, आणि तेही हिमनदीच्या बर्फाची श्यानता मोजताना. २० अंश सेल्सियसला पाण्याची श्यानता जवळजवळ नेमकी एक सेंटिपॉइज भरते. शून्य अंशाला १.७९, उकळत्या पाण्याची ०.२८, आणि एरंडेलाची साध्या हवामानात हजाराच्या आसपास. नियमाला आता दोघांचे नाव जोडून हागेन–प्वाझय नियम म्हणतात. हागेनच्या वाट्याला एकक आले नाही.